वाण्याची वही, बकाल्याची वही

जुलै २०२० पासून सौदी अरेबियात मूल्यवर्धित कर पाच टक्क्यांवरून पंधरा टक्के झाला. त्याच महिन्यात सोबत राहणाऱ्या कुटुंबियांवरचे शुल्कही माणशी दरमहा चारशे रियालवर पोचले. जुलै २०१७ मध्ये ते शंभरापासून सुरू झाले होते आणि दर वर्षी शंभराने वाढत गेले. बायको आणि दोन मुले असतील तर महिन्याला बाराशे रियाल घराबाहेर जातात, आणि तेही भात शिजण्याच्या आधी! अनेकांनी कुटुंब गावी पाठवले. जे राहिले त्यांच्या घरात गुरुवारी संध्याकाळी बाजाराला निघण्याआधी ऑफरची पत्रके पसरून बसण्याचा नवा कार्यक्रम सुरू झाला. या आठवड्यात तूरडाळ घ्यायची की मसुरीवर भागवायचे, तेल दोन लिटरचे की पाचचे, बांगडा कुठे स्वस्त, हे प्रश्न पगाराच्या चर्चेइतकेच गंभीर झाले.

काटकसरीने घर कसे चालवावे याच्या युक्त्या आपल्या भगिनी एकमेकींना नेहमी सांगतात, आणि त्या उपयोगीही असतात. या लेखाचा विषय मात्र थोडा निराळा आहे. थोड्या पैशांत घराला नीट जेवू घालण्याचा प्रश्न आपल्याच माणसांपुढे शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात उभा होता. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्या चाळींत राहिलेले आहेत. त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला, आणि कुठे तो सुटलाच नाही, याची हकिगत वाचण्यासारखी आहे. त्या हकिगतीत स्वयंपाकघरापेक्षा वाण्याची वही जास्त वेळा भेटते, हे आधीच सांगून ठेवतो.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, नायगाव, प्रभादेवी हा सारा भाग भोंग्यांवर उठू-झोपू लागला. कामगार आले ते मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून. बहुतेक पुरुष एकटेच आले. बायकापोरे गावी, शेतीचा तुकडा गावी, म्हातारे आईबाप गावी. कोकणात अशा माणसाला चाकरमानी म्हणत. एका खोलीत गावचे दहा-पंधरा गडी राहत. एक पाळी कामावर जाई तेव्हा दुसरी पाळी त्याच जागेवर आडवी होई. महिन्याला गावी मनिऑर्डर जाई. खोलीऐवजी लेबर कॅम्पचा बंक आणि मनिऑर्डरऐवजी एक्स्चेंजची पावती घातली, तर हे वर्णन आपल्याला ओळखीचे वाटेल.

या माणसांच्या जेवणाचा हिशेब सरकारने पहिल्यांदा नीट मांडला तो १९२१-२२ मध्ये. पहिले महायुद्ध संपता संपता धान्याचे भाव भडकले होते. काही गिरण्यांनी कामगारांसाठी स्वस्त धान्याची दुकाने उघडली होती, आणि १९१९ व १९२० या दोन्ही वर्षी मुंबईत मोठे संप झाले होते. मुंबई सरकारने १९२१ साली मजूर खाते काढले. त्याचे प्रमुख फिंडले शिरास यांनी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी हाती घेतली. घरोघर माणसे पाठवून २,४७३ कुटुंबांचा आणि ६०३ एकट्या पुरुषांचा खर्च लिहून घेतला गेला. तांदूळ किती, ज्वारी किती, डाळ, तेल, मीठ, रॉकेल, भाडे, विडी, सगळे. अहवाल १९२३ मध्ये छापला गेला.

त्या अहवालाप्रमाणे कामगार कुटुंब सरासरी साधारण चार माणसांचे होते आणि सगळ्यांची मिळून कमाई महिन्याला सुमारे ५२ रुपये होती. खर्चातले निम्म्याहून जास्त, म्हणजे जवळजवळ ५७ टक्के, पोटात जात होते. आता घरखर्च लिहिणाऱ्या कोणाही गृहिणीला विचारा. निम्म्याहून अधिक पैसे अन्नावर जात असतील तर त्या घरात चांगलेचुंगले खाल्ले जाते असा त्याचा अर्थ होत नाही. तिथे दुसऱ्या कशालाही पैसे उरत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ.

शिरास साहेबांनी एवढ्यावर थांबून चालले असते. पण त्यांनी आणखी एक तुलना केली, आणि ती पुढे कामगारप्रश्नावरच्या लिखाणात वारंवार येत राहिली. कामगाराच्या घरात माणशी किती धान्य खाल्ले जाते हे त्यांनी सरकारच्या दोन पुस्तकांशी ताडून पाहिले. एक दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळी कामावरच्या मजुराला किती धान्य द्यावे याचे नियम. दुसरी तुरुंगाची नियमपुस्तिका, म्हणजे कैद्याला रोज किती द्यायचे याचे कोष्टक. निष्कर्ष असा निघाला की गिरणी कामगार दुष्काळ संहितेतल्या कमाल मापाइतके धान्य खातो, पण तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याहून कमी. हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत शहरात, दिवसाचे दहा तास मागावर उभा राहणारा माणूस! हे सरकारी नोकराने सरकारी छापखान्यात छापलेले आहे, कुण्या पुढाऱ्याच्या भाषणातले नाही.

या आकड्यांवरून कामगारांच्या बायका घर नीट चालवत नव्हत्या असा कोणी अर्थ काढील तर तो चुकेल. त्या काय रांधत होत्या ते पाहिले तर आजचा आहारतज्ज्ञही मान डोलवील. कोकणातल्या घरात भात, कुळथाची पिठी किंवा पिठले, सुकट-जवळा, सुके बोंबील, आमसुलाचे सार. घाटावरच्या घरात ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळीचे कालवण, लाल मिरचीचा ठेचा, कांदा, जमेल तेव्हा पालेभाजी. धान्यात जे प्रथिन कमी पडते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात. दोन्ही एकत्र खाल्ली की मांसाची उणीव बरीचशी भरून निघते. हे त्या बायकांना पुस्तकातून कळलेले नव्हते. कुळीथ तर सगळ्या कडधान्यांत गरिबाचा, पडीक जमिनीतही येणारा. सुका बोंबील म्हणजे पाणी काढून टाकलेले प्रथिनच. शिमग्याला किंवा गणपतीला गावी जाऊन आलेला गडी येताना तांदूळ, कुळीथ, आमसुले, सुके मासे यांचे गाठोडे घेऊन येई. गावाला मनिऑर्डर जाई आणि गावाकडून गाठोडे येई. थोडक्यात, मुंबईचा पगार अपुरा पडे तेव्हा कोकणातली शेती त्याला टेकू देई. मुंबईच्या विमानतळावर वजनकाट्यापुढे बॅगा उघडून मसाल्याची पिशवी हातातल्या पिशवीत सरकवणाऱ्या आपल्या मंडळींनी ही परंपरा खंडित होऊ दिलेली नाही, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही.

मग अडत कुठे होते? अडत होते पैसा हातात येण्याच्या तारखेवर.

गिरण्यांत पगार महिन्याने होई, आणि तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी. म्हणजे नवा गडी कामाला लागला की पहिला पगार हाती पडायला दीड महिना लागे. तोवर खायचे काय? वाणी उधार देई. एकदा वहीत नाव चढले की ते सहसा उतरत नसे, कारण पगार होईपर्यंत पुढच्या महिन्याची उधारी सुरू झालेली असे. शिरास यांच्या पाहणीत ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती आणि कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. तेव्हा महिन्याला सव्वासहा टक्के आणि वर्षाला पंचाहत्तर टक्के.

वाण्याचे व्याज वेगळे लिहिलेले नसेलही, पण ते भावात असे. ज्याचे खाते आहे त्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. तो भाव विचारू शकत नाही, तांदळात खडे निघाले तर परत करू शकत नाही, मापाकडे डोळे वटारू शकत नाही. शिवाय तो एकदम पोते घेऊ शकत नाही. आज पावशेर तेल, उद्या अच्छेर डाळ, अशी सुटी खरेदी नेहमी महाग पडते. हातात रोख पैसा असलेल्या गृहस्थाला जी ज्वारी एका भावाने मिळे, तीच ज्वारी त्याच दुकानात गिरणी कामगाराच्या बायकोला जास्त भावाने मिळे. काटकसरीचे सगळे शहाणपण, घाऊक घ्या, हंगामात घ्या, दोन दुकाने फिरून घ्या, हे हातात आधी पैसा असलेल्यासाठी आहे. ज्याचा पैसा मागाहून येतो त्याच्या उपयोगाचे ते नाही.

हे तत्कालीन जाणकारांनाही दिसत होते. मजुरांच्या प्रश्नावर नेमलेल्या शाही आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, १९३१ च्या अहवालात पगार कमी अंतराने देण्याची शिफारस केली. पुढे १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. पगाराची मुदत एका महिन्याहून जास्त नसावी, आणि हजाराहून कमी कामगार असतील तर सातव्या, जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत पैसे दिलेच पाहिजेत, असे त्यात ठरले. कायद्याचे नाव रुक्ष आहे. पण किराण्याच्या दृष्टीने पाहिले तर, माझ्या मते, कामगाराच्या ताटाशी एवढा थेट संबंध असलेले दुसरे कायदे फार थोडे. आपल्याकडे, म्हणजे सौदी अरेबियात, २०१३ पासून टप्प्याटप्प्याने वेतन संरक्षण पद्धत आली आणि पगार बँकेतून, नोंद होईल असा देणे कंपन्यांना भाग पडले. त्याआधी दोन-दोन, तीन-तीन महिने पगार न झालेले गडी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातले महत्त्व समजावून सांगायला नको.

आता त्या ६०३ एकट्या पुरुषांकडे वळू. त्यांना रांधून कोण घालत होते? काही जण खोलीतच आळीपाळीने भात टाकत. बाकीचे खाणावळीत जेवत. गिरणगावातली खाणावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यात बाईचे स्वतःचे कुटुंब, आणि दोन वेळ जेवायला येणारे पाच-दहा-पंधरा गडी. कोकणातल्यांची खाणावळ वेगळी, घाटावरच्यांची वेगळी, कारण एकाला भात-मासळीवाचून जेवल्यासारखे वाटत नाही आणि दुसऱ्याला भाकरीवाचून. बाई पहाटे उठे, कारण सकाळच्या पाळीचा गडी सातच्या आत गिरणीच्या दारात हवा. दुपारपाळीचे साडेतीनच्या आधी जेवून जात, सकाळपाळीचे सुटल्यावर येत. रात्रपाळीवाल्याचा डबा वेगळा. पाण्याचा नळ ठराविक वेळ, रॉकेल रांगेत उभे राहून, दळण खांद्यावरून. रविवारी मटण किंवा ताजी मासळी करावी लागे, नाहीतर गडी दुसरी खाणावळ बघत.

या बायका कोण? काही विधवा, काहींचे नवरे आजारी किंवा दारूत बुडालेले, काहींचे नवरे गिरणीतच पण पगार अपुरा. विसाच्या दशकात गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. पुढे नवी यंत्रे आली, जुनी बायकांची खाती बंद झाली, बायकांच्या रात्रपाळीवर बंदी आणि बाळंतपणाचा भत्ता यांमुळे मालकांना बाई कामगार नकोशी वाटू लागली, आणि सत्तरच्या दशकापर्यंत गिरणीत त्या अगदी थोड्या उरल्या. गिरणीतून निघालेली बाई घराच्या शेगडीशी आली आणि तिथून तीच गिरणी चालवू लागली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

खाणावळीचा हिशेब घराच्या हिशेबाहून अवघड होता. गडी पैसे देणार महिन्याने, पगार झाल्यावर. बाईला धान्य, तेल, जळण लागणार रोज. मधला सगळा काळ तिने वाण्याच्या उधारीवर काढायचा, आणि वाण्याने हात आखडला की सावकाराकडून आणा-रुपयाने उचल करायची. समजा तिने दोनशे रुपये उचलले. महिन्याला साडेबारा रुपये व्याज, वर्षाला दीडशे. मुद्दल तसेच. गड्याला वाटे की आपल्याला स्वस्तात घरचे जेवण मिळते, आणि ते खरेच स्वस्त होते. ते स्वस्त राहावे म्हणून बाईचे मंगळसूत्र किंवा पाटल्या गहाण पडलेल्या असत.

महागाईशी दोन हात करण्याचे इतर प्रयत्न मधल्या काळात बरेच झाले. ते थोडक्यात सांगतो. १९४० साली महागाई भत्त्यासाठी गिरण्यांत मोठा संप झाला, आणि युद्धकाळात भत्ता कामगारांच्या राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला. म्हणजे शिरास साहेबांच्या माणसांनी लिहून घेतलेली वाणसामानाची यादी पुढे पगाराच्या पावतीत येऊन बसली. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला, आणि मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. रेशनच्या तांदळाला नावे ठेवण्यात दोन पिढ्या गेल्या. पण त्याच वर्षी बंगालात लाखो माणसे भुकेने मेली, आणि मुंबईत तसे घडले नाही, हे विसरता कामा नये. पुढे नायगावात कामगारांची ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून नावाला आली.

१९७२ चा दुष्काळ ज्यांना आठवतो त्यांना लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडीही आठवत असेल. त्या वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका एका मंचावर आल्या, हेच त्या काळी नवल होते. बायका लाटणी घेऊन मोर्चात उतरल्या, थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना घेराव घातले. तेल, साखर, रॉकेल वाजवी भावात आणि पुरेसे मिळाले पाहिजे, एवढीच मागणी. मध्यमवर्गीय घरातली गृहिणी घरखर्चाची वही घेऊन रस्त्यावर आली, ती इतक्या मोठ्या संख्येने त्या वेळी प्रथमच. पाठोपाठ ग्राहक पंचायतीची चळवळ आली. बिंदुमाधव जोशी तिचे प्रवर्तक, आणि आपले लाडके संगीतकार सुधीर फडके तिचे मोठे पाठीराखे होते. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचे सामान घाऊक आणून वाटून घेण्याची पद्धत बसवली. यादी सगळ्यांची, खरेदी एकत्र, वजने करायला आणि वाटायला घरचीच माणसे. दम्माममध्ये चार घरे मिळून तांदळाचे मोठे पोते किंवा आंब्याच्या पेट्या आणतात तेव्हा नकळत हेच करतात. मात्र या पद्धतीत उधारीला जागा नाही. दादर, गिरगाव, पार्ले इथल्या महिन्याच्या ठराविक पगाराच्या घरांत ती रुजली, आणि खाणावळवाल्या बाईच्या खोलीपर्यंत पोचली नाही, याचे कारण वर येऊन गेलेच आहे.

त्या खोलीपर्यंत जी वाट पोचली ती वेगळ्या दिशेने आली. डिसेंबर १९७३ मध्ये गिरण्यांत संप सुरू झाला आणि तो सुमारे दीड महिना चालला. संपकऱ्याला पगार नाही, म्हणजे खाणावळीला पैसे नाहीत. तरी बायकांनी गड्यांना जेवायला घालणे थांबवले नाही. दागिने गहाण पडले, भांडी गेली, सावकाराचे देणे वाढले. संप संपला, कामगारांच्या सभा झाल्या, पुढाऱ्यांचे सत्कार झाले. दीड महिना संप ज्यांच्या चुलीवर शिजला त्यांच्या नावाचा उल्लेख कोणाच्या भाषणात असेल असे वाटत नाही.

प्रेमा पुरव यांच्या मात्र हे लक्षात आले. मूळच्या गोव्याच्या, मुक्तिसंग्रामात लहान वयात उतरलेल्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेतले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते, आणि १९७२ पासून दुर्बल घटकांसाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजना कागदावर होती. कागदावर अशासाठी की खाणावळवाल्या बाईजवळ तारण ठेवायला काही नव्हते, आणि बँकेच्या दारात पाऊल टाकायचा तिला धीर नव्हता. १९७५ मध्ये प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. एका वस्तीतल्या बायकांचा गट करायचा, गटातल्यांनी एकमेकींना जामीन राहायचे, आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून खाणावळीच्या भांडवलापुरते कर्ज घ्यायचे. सही न येणारीला आधी सही शिकवायची.

मघाचाच हिशेब पुन्हा करू. दोनशे रुपयांवर सावकाराचे वर्षाचे व्याज दीडशे रुपये. चार टक्क्यांनी तेच आठ रुपये होते. उरलेल्या एकशे बेचाळीस रुपयांत बाई काय करील? ती वाण्याचे खाते बंद करील, रोखीने पोते घेईल, दोन दुकाने फिरेल, डाळ थोडी दाट करील, स्वतःच्या पोरीला शाळेत ठेवील. मंडळातल्या बायकांनी कर्जे वेळेवर फेडली, आणि गटाच्या जामिनावरचे कर्ज म्हणजे वेडेपणा असे म्हणणारे गप्प झाले. बांगला देशात प्राध्यापक महंमद युनूस यांचे जोब्रा गावातले प्रयोग सुरू झाले ते १९७६ मध्ये. दादर-परळच्या खाणावळवाल्या बायका त्याआधी बँकेच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या, ही गोष्ट आपल्याकडेही फार कमी लोकांना ठाऊक आहे.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. या वेळी दीड महिना नव्हता, वर्ष उलटून गेले. गडी एकेक करून गावी परतले, आणि त्यांच्याबरोबर खाणावळीची उधारीही गेली. गावी गेलेल्याकडून वसूल तरी कसे करणार? ज्या बायका तगल्या त्यांनी मसाले, पोळ्या, कार्यालयांतले डबे, लग्नकार्याचे स्वयंपाक असे दुसरे मार्ग धरले. ज्या तगल्या नाहीत त्यांची नोंद कुठे नाही.

हे सगळे मुंबईचे झाले, दम्मामशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. १९३८ च्या मार्चमध्ये इथल्या सात क्रमांकाच्या विहिरीतून व्यापारी प्रमाणात तेल निघाले आणि वाळवंटाचे शहर झाले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तशी रत्नागिरी-रायगडची माणसे मुंबई मागे टाकून थेट इकडे येऊ लागली. चाकरमान्याचे गाव बदलले, पण जेवणाची घडी तीच राहिली. एका खोलीत सहा-आठ जण, सामायिक मेस, आळीपाळीने स्वयंपाक किंवा कोणाकडे तरी महिन्याने लावलेले दोन वेळचे डबे. आणि कोपऱ्यावरचा बकाला, जिथे खुबूस, अंडी, दही, टोमॅटो पेस्ट आणि फोनचे कार्ड वहीवर मिळते. बकाल्यातली दोन रियालची वस्तू मोठ्या दुकानात दीडला असते हे प्रत्येकाला माहीत असते. पण मोठे दुकान वही ठेवत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात तेलाचे भाव पडलेले असताना काही बड्या बांधकाम कंपन्यांचे पगार थांबले. कित्येक महिन्यांचे पगार अडकले, आणि काही कॅम्पांतल्या मेसही बंद पडल्या. हजारो भारतीय कामगार, मुख्यतः जेद्दा भागातले, उपाशी राहण्याची वेळ आली. जुलैच्या अखेरीस तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी वकिलातीला अन्न पोचवायला सांगितले. जेद्दाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाने आणि तिथल्या भारतीय मंडळींनी मिळून पंधरा हजार किलोंहून अधिक शिधा वाटला. ती बातमी जगभर छापून आली. मेस बंद पडण्याआधीचे आठवडे आणि महिने या माणसांना कोणी खाऊ घातले, कोणत्या बकाल्याने वही बंद केली नाही, कोणत्या डबेवाल्या वहिनींनी पैसे न मागता डबा चालू ठेवला, ते मात्र कोणी छापले नाही.

शिरास साहेबांनी १९२१ मध्ये ६०३ एकट्या पुरुषांचा खर्च लिहून घेतला, तेव्हा त्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या बाईची वही कोणी मागितली नव्हती. आज ती कुठे सापडण्याची आशा नाही. आपल्याकडच्या वह्या मात्र अजून आहेत. ऐंशीच्या किंवा नव्वदीच्या दशकातली मेसची वही, सामानाच्या यादीची डायरी, बकाल्याच्या हिशेबाचे पान, डब्यांच्या नावांची यादी, असे काही कोणाच्या ट्रंकेत असेल तर त्याची छायाप्रत मंडळाकडे द्यावी. मूळ वही लगेच परत केली जाईल. नावे खोडून दिली तरी चालेल. तांदूळ, डाळ, तेल आणि मासळी यांचे त्या वेळचे भाव आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला कोणी पैसे दिले, एवढे वाचता आले म्हणजे पुरे.